भाड्याची उंची

एल्पिदिओ हॉजला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं वस्तीत कुणी उरलं नव्हतं. आई होती तोवर ती मारायची. बाकी सगळ्यांना तो लार्गो, म्हणजे लांबडा. साखर कारखान्यामागच्या त्या वस्तीतल्या घरांची दारं साध्या माणसांच्या मापाची, त्यामुळे लार्गोच्या कपाळावर कायम टेंगूळ असायचं. एक बसलं की दुसरं तयार. मोटारसायकलवर सवाऱ्या पोचवून तो पोट भरायचा. गाडीवर बसला की गुडघे हँडलच्याही वर यायचे, आणि दुकानासमोर डॉमिनो खेळणारी मंडळी ओरडायची, "नाकतोडा आला रे! सरका, उडी मारेल!"

हा लार्गो आसपासच्या कितीतरी पोरांचा बाप होऊन चुकला होता. त्यातलं एकही मिर्ताच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, पोटचं नव्हतं. बाहेर काही भानगड होती म्हणाल तर तीही नाही. तो बाप व्हायचा तो दुपारपुरता. खुर्चीत बसून.

हे समजून घ्यायचं तर आमच्या या सान पेद्रो गावात पोरं कशी विकली जातात ते आधी ऐका. 'विकली' हा शब्द कुणाला टोचत असेल तर टोचू द्या, बदलायचं काही कारण नाही. पोरगं नीट चेंडू फेकायला लागलं की त्याची शाळा सुटते. मग त्याला रुफिनोसारखा कुणीतरी हेरतो. अशा माणसाला इकडे बुस्कोन म्हणतात. तो पोराला जेवू घालतो, पायांत बूट घालतो, उन्हात पळवतो, आणि एक दिवस समुद्रापलीकडच्या बड्या बेसबॉल क्लबाच्या पारख्यापुढे उभं करतो. क्लबानं शब्द दिला तर बुस्कोनचा वाटा मोठा. नाही दिला तर पोरगं परत घरी, आणि तोवर ते स्वतःचं नाव लिहायलाही विसरलेलं असतं.

पारखी आधी पळवतो, मग चेंडू फेकायला लावतो, मग हातात बॅट देतो. पण हे झालं आजचं पोरगं. क्लबाला तेरा वर्षांचं पोरगं नकोच असतं. त्याला विसाव्या वर्षीचा बाप्या हवा असतो, आणि तो तर अजून कुणी पाहिलेलाच नसतो. म्हणून पारखी मनगटं दाबतो, पंजा पसरायला लावतो, बूट काढून तळपाय बघतो. एवढ्यानं मन भरलं नाही की म्हणतो, "चला, घर बघू." घर म्हणजे काही भिंती-छप्पर नव्हे. आईची कंबर, मोठ्या भावाचं पोट आणि बापाची उंची. कॉफीचे घोट घेता घेता तो सगळं जोखून घेतो, आणि घरातली बाई बिचारी समजते, एवढा मोठा माणूस आपल्या दारी आला तो कौतुकानं आला.

चप्पल-बूट शिवणाऱ्या चागोच्या पोरामुळे लार्गो पहिल्यांदा बाप झाला. चागो इतका बुटका की दुकानाच्या फळीमागं उभा राहिला तरी नुसती टोपी दिसायची. त्याचा वास्कार मात्र मैदानावर वीज होता. दॉन, म्हणजे साहेब, आबेलार्दो नावाचा पारखी त्याला बघून खूश झाला आणि म्हणाला, "उद्या घर बघू." रुफिनोनं तिथून थेट लार्गोला गाठलं.

"उद्या दुपारी काय करतोयस?"

"सवाऱ्या. दुसरं काय करणार?"

"उद्या तू वास्कारचा बाप."

लार्गो हसता हसता गाडीवरून पडायचा राहिला. "आणि चागो?"

"चागो शेजारी. बायकोची कंबर बरी आहे, ती तीच राहू दे."

दुसऱ्या दिवशी लार्गो इस्त्रीचा शर्ट घालून चागोच्या घरात चागोच्या खुर्चीत बसला. दॉन आबेलार्दोंनी त्याला उभं राहायला लावलं नाही. तसे ते सभ्य. पण पंखा लावायच्या निमित्तानं लार्गो उठला तेव्हा त्यांची नजर पायापासून डोक्यापर्यंत हळूहळू वर चढत गेली. स्वतःच्या घरात चागो तबकातून कॉफी घेऊन आला. लार्गो रंगात आला होता. एक घोट घेऊन तो मोठ्यानं म्हणाला, "काय हो शेजारी, साखर एवढी कमी? बायकोनं डब्याला कुलूप लावलं काय?"

दॉन आबेलार्दो खळखळून हसले. रुफिनो हसला. चागोची बायको पदराशी, म्हणजे एप्रनच्या टोकाशी, चाळा करत खाली बघत राहिली. चागो आत गेला आणि साखरेचा डबा घेऊन आला. आपल्याच घरातला डबा त्यानं पाहुण्यासारखा दोन्ही हातांनी पुढे केला.

वास्कारला क्लबाचा शब्द मिळाला, पुढं सोळा भरल्यावर करारावर सहीही झाली. चागोच्या घरावर नवं जस्ताचं छप्पर आलं. कुणाला काही वाईट झालं असं वाटलं नाही. वाटलं असेल तर छपराच्या चकाकीत दिसलं नाही.

त्यानंतर रुफिनोनं लार्गोला या वस्तीतून त्या वस्तीत फिरवलं. एका पारख्यापुढे एकदाच, हा त्याचा नियम. कधी बोकडाचं मटण आणि भात, कधी रमची बाटली, कधी गाडीत पेट्रोल. पण लार्गो काही नुसत्या रमसाठी जात नव्हता. त्याच्या काळी पोरं उशिरा उचलत; सतराव्या वर्षी त्यालाही एका क्लबानं उचललं होतं. चेंडू असा फेकायचा की समोरच्याला फक्त आवाज ऐकू यायचा. दोन वर्षांत कोपर गेलं, आणि क्लबाच्या गाडीनं त्याला एका पिशवीसकट कारखान्याच्या फाटकापाशी उतरवलं. ड्रायव्हरनं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं. त्याचा उजवा हात तेव्हापासून पुरता सरळ होत नाही. आता परक्या घरातल्या खुर्चीत बसल्यावर पारखी विचारायचा, "तुम्हीही खेळायचात वाटतं?" आणि लार्गो म्हणायचा, "हो, खेळायचो." त्या अख्ख्या दुपारीत तेवढं एकच वाक्य खरं असायचं, आणि त्या एका वाक्यासाठी तो पुढच्या वेळी पुन्हा जायचा.

मिर्ता म्हणायची, "दुसऱ्याच्या घरात बाप बनून बसतोस, लाज नाही वाटत?"

"अगं, मी कुणाचं काय नेलं? उंचीच तर दिली. ती काय झिजते?"

मग त्यांचा स्वतःचा येउरी तेरा वर्षांचा झाला.

येउरी तेव्हा आईच्या कानापर्यंत येत होता. पण पंजे बघावेत तर फावडी, आणि पाय असे की बापाच्या चपला ढिल्या होत नव्हत्या. कारखान्याच्या भिंतीवर कोळशानं चौकोन काढून लार्गोनं त्याला रोज संध्याकाळी शिकवलं. कोपर कसं वाचवायचं ते आधी, जोर नंतर. रुफिनो येउरीचा बाप्तिस्म्यापासूनचा धर्मबाप, म्हणून दोघं पुरुष एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत. पोराला रुफिनोनंच तयार केलं होतं. त्या साली बाकीच्या क्लबांचे शब्द आधीच देऊन झाले होते. उरला होता तो एकच पारखी: दॉन आबेलार्दो. त्यांनी नाही म्हटलं तर पुढच्या खेपेपर्यंत पोरगं शिळं. इकडे चौदाव्या वर्षापर्यंत शब्द मिळाला नाही की लोक विचारायला लागतात, "याच्यात खोट काय आहे?"

"या खेपेला भाडं नाही हं, कोंपाद्रे!" लार्गो म्हणाला. "बाप घरचाच. अस्सल!"

रुफिनो हसला नाही. "तुझी अक्कल फार लांबचा प्रवास करून डोक्यात पोचते. दॉन आबेलार्दोनं तुला कुठं पाहिलंय?"

लार्गोचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि मग गळून पडलं.

"खरं सांगून टाकतो त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगशील? तेव्हा खोटा होतो, आता खरा आहे? वास्कार सही झाल्यापासून बोटभर वाढलेला नाही. क्लबवाले दॉनच्या डोक्यावर बसलेत, तुझा बुटका उंच कधी होणार म्हणून. आणि तू जाऊन सांगणार, अहो, त्याचा बाप मी नव्हतोच! माझी सगळी पोरं जातील. तुझा येउरी सगळ्यांत आधी."

"मग?"

"मग कोन्फेसोर."

कोन्फेसोर किनाऱ्यावरचा मासे विकणारा. लार्गोइतकाच उंच, पण रंगानं उजळ, आणि आयुष्यात चेंडू हातात न धरलेला. मिर्तानं ऐकलं आणि हातातला झारा कढईत आपटला. तेल उडालं.

"परक्या माणसाच्या शेजारी मी बायको होऊन बसू?"

"दुपारपुरतं गं."

"चागोच्या बायकोलाही हेच सांगितलं होतंस का?"

लार्गो बाहेर जाऊन गाडीची साखळी पुसत बसला. ती आधीच स्वच्छ होती.

मैदानावर लार्गोला जाता आलं नाही. त्याला वास्कारचा बाप म्हणून ओळखणारा तिथं एकच माणूस होता आणि तोच नेमका नको होता. कारखान्याच्या भिंतीआडून तो कान देऊन उभा राहिला. चेंडू ग्लोव्हमध्ये आपटल्याचा आवाज त्याला लांबूनही कळायचा. हा बापाचा कान. एकापाठोपाठ एक चेंडू थाडकन आपटत होते. नंतर रुफिनो धापा टाकत आला. "कोपराची ढब बघून दॉन वेडे झाले! विचारलं, कुणी शिकवलं? पोरगं म्हणालं, बापानं. आता घर बघायचंय म्हणतात. पळ तू, मागच्या अंगणात जाऊन बस. खोकलासुद्धा नको."

अंगणात कोंबड्या होत्या आणि स्वयंपाकाची चूल. घर आणि चूल यांच्यामध्ये दाराऐवजी जस्ताचा एक पत्रा. त्या पत्र्याला खिळ्याचं भोक होतं, लार्गोनंच ठोकलेल्या खिळ्याचं. त्यातून त्याला कोन्फेसोर दिसला. लार्गोच्या खुर्चीत, लार्गोचा चांगला शर्ट घालून. शर्ट त्याला नेमका बसला होता, हे लार्गोला सगळ्यांत जास्त लागलं.

दॉन आबेलार्दो आले. मिर्तानं कॉफी दिली. त्यांनी येउरीला बूट काढायला लावले, पंजा पसरायला लावला, मनगट दाबलं. आईकडे एकवार पाहिलं. मग कोन्फेसोरकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"तुम्ही खेळायचात?"

"थोडंफार, दॉन."

"थोडंफार? आणि पोराचं कोपर असं घडवलंत?"

"देवाची कृपा," कोन्फेसोर म्हणाला. मासेवाला तो, गिऱ्हाईक सांभाळणं त्याला जमायचं.

दॉननी कप खाली ठेवला. येउरीची हनुवटी दोन बोटांनी उचलली. हनुवटीखाली एक जुना पांढरा व्रण होता.

"हे कशानं झालं?" प्रश्न पोराला नव्हता. ते कोन्फेसोरकडे बघत होते.

"लहानपणी पडला होता, दॉन."

"कुठं?"

कोन्फेसोरनं मिर्ताकडे पाहिलं. मिर्तानं रुफिनोकडे. रुफिनो छपराकडे बघायला लागला. येउरी तोंड उघडणार, तेवढ्यात दॉन म्हणाले, "तू गप्प राहा, पोरा. बापाला सांगू दे. असं काही बाप विसरत नाही."

पत्र्यामागं लार्गो भोकाला आणखी चिकटला. तो व्रण त्याच्या हातून झाला होता. येउरी पाच वर्षांचा. पाण्याच्या बाटलीचं झाकण चेंडू म्हणून फेकायचं आणि झाडूच्या दांड्यानं टोलवायचं, गल्लीतला नेहमीचा खेळ. लार्गोनं दांडा फिरवला आणि पोरगं मागून धावत आलं. रक्तबंबाळ पोराला छातीशी धरून तो दवाखान्यापर्यंत धावला होता. गाडी दारात उभी आहे हेसुद्धा त्याला सुचलं नव्हतं. आणि आता हा मासेवाला म्हणतो, पडला होता?

"झाडूचा दांडा लागला!" पत्र्यामागून आवाज गेला. "माझ्या हातून लागला!"

कोंबड्या फडफडल्या. मग लार्गो पत्रा बाजूला सारून आत आला. वाकायचं भान राहिलं नाही, कपाळ चौकटीवर आपटलं.

दॉन आबेलार्दोंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अरे! वास्कारचा बाप!"

"दॉन, मी येउरीचा बाप आहे. खरा. देवाशप्पथ. हा माझा."

"तेव्हाही तू खराच होतास की. साखर कमी म्हणत होतास."

"तेव्हा खोटा होतो, दॉन. आज खरा आहे. याचे पंजे बघा आणि माझे बघा." लार्गोनं दोन्ही हात पुढे केले. उजवा नेहमीप्रमाणे पुरता सरळ झाला नाही. "हा माझ्याएवढा होणार. जास्त होणार!"

"विचारा मला," मिर्ता पुढे आली. "आईला विचारा की! मी नऊ महिने वागवलाय, बाप कोण ते मला ठाऊक नाही?"

"बाई, तुम्ही आत्ता अर्धा तास याच्या शेजारी बायको म्हणून बसला होतात." दॉननी कोन्फेसोरकडे बोट केलं.

दॉननी टोपी उचलली. "मला पोराच्या हाताबद्दल शंका नाही. पण ज्या घरात बाप भाड्यानं आणतात, त्या घरात वय कशावरून खरं? हा तेराचा नसेल. सोळाचा असेल. आणि सोळाचा असेल तर जेवढा दिसतो तेवढाच राहणार. एकदा फसलो, दुसऱ्यांदा क्लब मला घरी बसवेल."

"तेराचा आहे! तपासून घ्या हवं तर!" लार्गो ओरडला.

"कोण तपासणार? दुसरी हजार पोरं उभी आहेत." ते दारापर्यंत गेले, वळले. "तू स्वतः मैदानावर येऊन उभा राहिला असतास ना, आणि आधी वास्कारच्या घरी बसला नसतास, तर मी आज शब्द देऊन गेलो असतो."

हे त्यांनी खरं सांगितलं की जखमेवर मीठ म्हणून, कोण जाणे. हे लोक लाखमोलाच्या खुर्च्यांत बसून ठरवतात की बापाच्या उंचीवर पोराचा भाव लागेल, आणि मग गरिबानं उंची उसनी आणली की नीतीचे धडेही हेच देतात. वास्कारची पारख चुकली तेव्हा त्यांची नोकरी वाचली. येउरीची चुकली तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही.

ते गेल्यावर रुफिनोनं लार्गोला शिव्या घातल्या, कोन्फेसोरनं शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला, आणि मिर्ता म्हणाली, "तोंड बंद ठेवलं असतंस तर कदाचित निभावलं असतं." येउरी बूट हातात घेऊन बसून राहिला.

त्या संध्याकाळी लार्गो पायीच निघाला, कुठं ते त्यालाही माहीत नव्हतं. चागोच्या दुकानावरून जाताना फळीमागची टोपी हलली. सगळ्या वस्तीला एव्हाना कळलं होतं.

"ये की, शेजारी," चागो म्हणाला. "कॉफी आहे. साखर बघून सांग."

लार्गो थांबला. बसावं का, हात जोडावेत का, त्याला समजेना. चागोनं टाच ठोकायला घेतली आणि वर पाहिलंच नाही. लार्गो पुढं गेला.

पारखी लोक कॉफीला एकत्र बसतात. पुढच्या वर्षी कुणी येउरीला पळवूनसुद्धा पाहिलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तो वाढायला लागला, आणि असा वाढला की मिर्ताला त्याच्या पँट उसवून उसवून टोकाला कापड उरेना. सतराव्या वर्षी तो बापाच्या डोक्यावरून पाहू लागला. त्या वयात इकडे पोरगं क्लबांच्या दृष्टीनं म्हातारं. येउरी बंदरावर सिमेंटची पोती उतरवायला जाऊ लागला. वास्कारलाही क्लबानं परत पाठवलं. तो बापाशेजारी बसून चपलांना खिळे मारतो. आता दोघांच्याही टोप्याच दिसतात.

एका रविवारी लार्गो दारात गाडी उघडून बसला होता. रुफिनो आला. बऱ्याच दिवसांनी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत इस्त्री केलेला शर्ट.

"कोंपाद्रे, येउरी आहे का घरी?"

लार्गोनं शर्टाकडे पाहिलं. "बाप बनवायचंय त्याला? सतरा वर्षांच्या पोराला?"

"छे छे. बाप आता चालत नाहीत. घरात उंच बाप दिसला की पारखी कॉफीसुद्धा न घेता उठतात. तू बाजार खराब केलास. आता थोरला भाऊ. भावावर अजून विश्वास ठेवतात."

लार्गोच्या हातात पाना होता. "निघ."

"अरे, गरीब घर आहे, पोरगं चांगलं आहे, नुसतं बुटक्या घरातलं..."

"निघ म्हणतो ना!" लार्गो उठला. पाना हातातच होता.

मागं दाराच्या चौकटीवर काहीतरी आपटलं. येउरी कपाळ चोळत बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. बापाकडे न बघता त्यानं रुफिनोच्या हातातून पिशवी घेतली, शर्ट काढला आणि छातीला लावून पाहिला. बाह्या मनगटांच्या बऱ्याच वर राहिल्या.

"पोराचं नाव सांग," तो रुफिनोला म्हणाला. "आणि अंगावर कुठं व्रण असतील तर ते कसे झाले, तेही आत्ताच सांगून ठेव."